चावीवाल्यासोबत धोलावीरा

कच्छमधलं धोलावीरा हे हडप्पाकालीन शहर मी बाबांसोबत पाहिलं, म्हणून ते मला असं दिसलं. एकटी गेले असते तर तटबंदी, दरवाजे, मणी, मुद्रा बघून आले असते आणि तेवढ्यावर खूशही झाले असते. पण बाबांची सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या जलखात्यात गेली. ते चावीवाले होते.

चाळीत किंवा वस्तीत वाढलेल्या मुंबईकराला चावीवाला म्हणजे कोण हे सांगायला नको. टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी सांगते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातले ठरावीक तास येतं. शहराचे शेकडो लहान लहान विभाग पाडलेले असतात. एकाचं पाणी बंद करायचं, दुसऱ्याचं सोडायचं, आणि हे रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालचे व्हॉल्व्ह फिरवून करायचं. त्यासाठी माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी चावी असते. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते कागदावर असतं. किती फेरे आणि किती हळू, ते हातात असतं. घाईने उघडला तर पाइपातली हवा अडकते, धक्का बसतो, जुना जोड फुटतो. बाबांच्या तळहातावर त्या चावीचे घट्टे अजून आहेत.

कच्छला जायचं निमित्त पांढऱ्या रणाचं होतं. धोलावीरा मी त्यात घुसवलं. वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेस सुटली, डबे उघडून पोळ्या-भाजी झाली, आणि मी बाबांना सांगायला लागले की पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे, हडप्पा संस्कृतीचं, २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलंय. ते हं-हं करत होते. मग मी म्हटलं, "तिथे सोळाएक मोठी तळी सापडलीत."

"वाळवंटात? पाणी कुठनं घेत होते?"

"दोन ओढे आहेत. पावसाळ्यातच वाहणारे."

"पाऊस किती?"

"वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आतच."

बाबा उठून बसले. तीनशे मिलिमीटर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे धोलावीराचा तीन वर्षांचा पाऊस एका दिवसात, आणि वर थोडा जास्तच.

भुजहून आम्ही अंधारातच निघालो. गाडी चालवणारा मुलगा खावड्याच्या बाजूचाच होता. त्याने बाबांना लगेच काका म्हणायला सुरुवात केली आणि बाबांनी आपल्या मुंबईच्या हिंदीत त्याची चौकशी. भिरंडियाऱ्याला चहा आणि गरम मावा झाला. हे गाव माव्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि बन्नीच्या म्हशींचं दूध असल्यावर का नसावं. दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, नजर पोचेल तिथवर. खावड्याच्या पुढे ट्रकच ट्रक लागतात, सौरऊर्जेच्या प्रचंड प्रकल्पाकडे जाणारे. (कच्छ आपल्याला लांबचा वाटतो, पण १९५६ ते १९६० या काळात तो मुंबई राज्यातच होता. बाबांना हे आठवत होतं, मला नव्हतं माहीत.)

खावड्याहून धोलावीराला जाणारा नवा रस्ता सुमारे तीस किलोमीटर थेट रणातून जातो. पूर्वी भचाऊ, रापर असा मोठा वळसा घालून खडीर बेटावर पोचावं लागे. आता भुजहून दिवसाभरात जाऊन परत येता येतं. या रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून त्याच्या सौंदर्याबद्दल मी फार लिहीत नाही. जानेवारी होता. एका बाजूला अजून पाणी होतं, दुसऱ्या बाजूला मीठ धरलं होतं. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, कडेने खाली उतरले आणि बोटाने मिठाचा पापुद्रा उचलला. कडक, खरबरीत, नखाएवढा जाड. त्याच्या खाली काळा ओला चिखल होता, बोट सहज आत गेलं. बोट पुसता पुसता ते म्हणाले, "एवढं पाणी आणि एक घोट कामाचा नाही." समुद्राच्या काठी जन्म काढलेल्या माणसाचं हे वाक्य होतं. आपलंही शहर तीन बाजूंनी अशाच पाण्यात उभं आहे.

धोलावीरा त्या काळी बेटावर होतं आणि आजही आहे. तेव्हा रणात आजच्यापेक्षा जास्त पाणी होतं, बोटी इथवर येत असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. इथले शंख, अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी ओमान आणि मेसोपोटेमियापर्यंत जात. १९६७-६८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जगत्पती जोशींनी हे ठिकाण नोंदवलं. गावकरी त्या टेकाडाला कोटडा म्हणत. मोठं उत्खनन रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली १९९० च्या आसपास सुरू झालं आणि २००५ पर्यंत चाललं.

तिकीट काढून आत गेलं की लहानसं संग्रहालय आहे. मी तिथे रेंगाळले. बाबा बाहेर उन्हात उभे राहून जमिनीकडे बघत होते. मी आल्यावर म्हणाले, "हा सगळा उतार आहे बघ."

मला तो दिसत नव्हता. मला सपाट, दगडांनी भरलेलं माळरान दिसत होतं. पण उतार आहे, आणि तोच या शहराचा पाया आहे. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे शहर वसवलंय, आणि शहराच्या वरच्या आणि खालच्या अंगात जवळजवळ १३ मीटरचा फरक आहे. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवायचं, ते वरच्या तळ्यात घ्यायचं आणि एका तळ्यातून दुसऱ्यात उतरवत न्यायचं. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने जातं. "आपल्या तानसाचंही असंच," बाबा म्हणाले. तानसाचं पाणी १८९२ पासून उतारावरूनच मुंबईकडे येतं. हे मला माहीत होतं, पण उन्हात उभं राहून, पाच हजार वर्षं जुन्या उतारावर पाय ठेवून ते ऐकणं वेगळं होतं.

मग पूर्वेकडचा जलाशय आला आणि आम्ही दोघंही काठावर थांबलो.

त्याची मापं पुस्तकात वाचलेली होती: ७३.४ मीटर लांब, २९.३ मीटर रुंद, १०.६ मीटर खोल. आकडे वाचून काहीच कळत नाही. काठावर उभं राहिलं की तीन मजली चाळ उभीच्या उभी आत मावेल हे कळतं. बाजू दगडांनी बांधून काढलेल्या, कोपऱ्यातून पायऱ्या थेट तळाशी उतरलेल्या. पावसाच्या नावाने कोरडी ठणठणीत जागा, आणि तिथे एवढा खड्डा खणायचा, दगड आणायचे, रचायचे, आणि वर्षातून थोडेच दिवस वाहणाऱ्या ओढ्याची वाट बघायची. किती पिढ्यांचा किती विश्वास असेल त्यामागे.

बाबांनी फोनवर गुणाकार केला. साधारण २ कोटी २८ लाख लिटर. बाजूंचा उतार आणि पायऱ्या वजा केल्या तर थोडं कमी. मग त्यांनी दुसरा हिशेब केला. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. भागाकार करून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. हे संपूर्ण तळं मुंबईला साडेआठ मिनिटंसुद्धा पुरणार नाही.

मी काहीतरी बोलणार होते, पण ते आधीच पायऱ्यांकडे वळले होते. "ही पट्टी आहे," ते म्हणाले.

"कसली पट्टी?"

"धरणावर पाण्याची पातळी मोजायला असते ना, आकडे रंगवलेली. तशीच. वरून किती पायऱ्या उघड्या पडल्या ते बघायचं. किती पाणी उरलं, कळलं."

पुरातत्त्वाच्या कुठल्या अहवालात पायऱ्यांबद्दल असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पायऱ्या पाणी भरायला उतरण्यासाठी असणार, हे उघड आहे. पण बाबा म्हणाले तेही खरंच असलं पाहिजे, कारण ते टाळता येण्यासारखं नाही. ही तळी शहराच्या तटाला लागून आहेत, बाहेर कुठे डोंगरापलीकडे नाहीत. बाजारात जाणारी बाई, दगड फोडून परतणारा माणूस, मणी घासणारा कारागीर, प्रत्येकाला येता-जाता दिसत असणार की काल चौथी पायरी ओली होती, आज पाचवी कोरडी आहे. शहराकडे किती पाणी शिल्लक आहे हे कुणाला विचारावं लागत नसणार.

मुंबईत आपलं पाणी आपल्याला दिसत नाही. जून संपत आला की पेपरात चौकट येते: अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, आणि पुढे टक्के. ते टक्के आपण क्रिकेटच्या धावफलकासारखे वाचतो आणि पान उलटतो. यातली विहार आणि तुळशी तेवढी शहराच्या हद्दीत आहेत, तीही जंगलात. बाकीचं सगळं पाणी ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतून, शंभर शंभर किलोमीटरवरून येतं. ज्या गावांच्या शिवारातून ते येतं त्यांतल्या कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तेही आपल्याला दिसत नाही.

एकेकाळी दिसायचं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, बाबुला टँक, मुंबादेवीचा तलाव: ही मुंबईची पाण्याची तळी होती. १८६० साली विहारचं पाणी नळाने शहरात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांपायी विहिरी-तळी बंद करायची मोहीमच निघाली. तळी बुजली, त्यांवर चौक, बागा आणि इमारती झाल्या. मी हे बाबांना जरा हळहळून सांगत होते. त्यांना ती हळहळ पटली नाही.

"नळ आला म्हणून पटकी गेली," ते म्हणाले. "त्या तळ्यांत लोक कपडे धुवायचे, गुरं पाणी प्यायची. तेच पाणी प्यायला लावलं असतं तर आपल्या चाळीतली निम्मी माणसं गेली असती. पाणी लांबून आणलं ते बरोबरच केलं. फक्त माणसाला ते कुठनं येतं ते दाखवायला हवं."

मला हे म्हणणं माझ्या हळहळीपेक्षा जास्त पटतं.

उन्ह चढत होतं. आम्ही बालेकिल्ल्यावर गेलो. उत्तर दरवाजाच्या बाजूच्या खोलीत ती प्रसिद्ध पाटी सापडली होती, दहा चिन्हांची, प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, जिप्समच्या तुकड्यांनी लाकडी फळीवर बसवलेलं. लाकूड कुजून गेलं, अक्षरं राहिली. ती अजून कुणालाही वाचता आलेली नाहीत. दरवाजासमोर २८३ मीटर लांबीचं मोकळं पटांगण आहे. त्याला कुणी मैदान म्हणतं, कुणी समारंभाची जागा. बघायला आलेली बाकीची मंडळी तिथेच जास्त रमली. आम्ही विहिरीकडे गेलो.

बालेकिल्ल्यातली ही विहीर मोठी, दगडी बांधणीची आहे. तिच्या काठाच्या दगडावर दोराच्या खुणा आहेत. लांबून नुसत्या ओरखड्यांसारख्या दिसतात, वाकून बघितलं की समजतं: बोटाएवढ्या रुंद, गुळगुळीत खाचा, शेजारी शेजारी. ज्या बाजूने दोर ओढला त्या बाजूला जास्त खोल गेलेल्या. एवढ्या कठीण दगडाला नुसता दोर घासून अशी खाच पडायला किती माणसांनी किती वेळा ओढलं असेल! बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात लावायचा मोह आवरला आणि तळहात नुसताच खाचेच्या वर, थोड्या अंतरावर धरला. खाचेची दिशा बघून ते म्हणाले, ओढणारा इथे उभा राहायचा, पाय असा लावून. विहिरीतून निघालेलं पाणी दगडी पन्हळातून पुढे टाकीकडे जात असे. म्हणजे पाणी काढणं हे कुणाचं तरी रोजचं काम होतं, घरापुरता घडा भरून नेणं नव्हे.

बालेकिल्ल्यात पावसाचं पाणी गोळा करणारी दगडी गटारं आहेत, त्यांतलं मोठं तर माणूस आत शिरून चालू शकेल एवढं. वरून दगडी लाद्या, तळाला फरसबंदी, उतार जास्त झाला तिथे पायऱ्या, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल. मधे मधे वर उघडणारी भोकं. संशोधकांनी त्यांतली काही मॅनहोल मानलीत आणि काही हवा बाहेर पडायच्या वाटा.

हवेच्या वाटा म्हटल्यावर बाबांचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. पाणी एकदम आलं की आतली हवा बाहेर पडायला जागा लागते. नसेल तर पाणी अडतं, उसळतं, बांधकाम उचकटतं. आपल्या पाइपलाइनवर म्हणूनच एअर व्हॉल्व्ह असतात. तानसाच्या नळांवरून चालताना त्यांचं फुसफुसणं सगळ्यांनी ऐकलंय. "म्हणजे यांचं एकदा तरी फुटलं असणार," बाबा म्हणाले. "फुटल्याशिवाय हे कुणाला सुचत नाही. कुणीतरी रात्रभर उभं राहून ते परत बांधलं असणार."

मी जे वाचून गेले होते त्यात राजे होते की नव्हते यावर वाद होता, व्यापारी होते, पुरोहित असतील-नसतील असं होतं. बाबांनी त्या शहरात एका वेगळ्याच माणसाला शोधून काढलं. पाण्याचा लोंढा आल्यावर कोणतं तोंड उघडायचं आणि कोणतं दगड-मातीने बुजवायचं हे ठरवणारा. गाळ वरच्या तळ्यात बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी खाली सोडायचं हे ज्याला कळत होतं तो. भर चैत्रात खालच्या वस्तीच्या बायका ज्याच्या नावाने खडे फोडत असतील तो. मला तो माणूस तिथल्या कुठल्याही मुद्रेपेक्षा खरा वाटायला लागला. सोळा तळी, एकमेकांना जोडलेली, आणि ती चालवायला माणूस नाही, असं होऊच शकत नाही.

दक्षिणेकडच्या तळ्यांपैकी एक तर थेट खडकात कोरलंय. तिथे बाबा दमले, सावली शोधून बसले. जेवायला गावात बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि भरपूर ताक मिळालं. सगळं झालं की थंड पाण्याची बाटली बाबांनी अर्धीच प्यायली आणि झाकण लावून जपून ठेवली.

शहर पुढे ओसरलं. पाऊस कमी झाला, कोरडेपणा वाढला, लांबच्या देशांचा व्यापार तुटला. नगर मधे ओसाड पडलं, मग लोक परत आले, पण आधीसारखं बांधणं त्यांना जमलं नाही किंवा गरजेचं वाटलं नाही. शेवटच्या काळातले लोक गोल घरांत राहिले. कच्छमध्ये आजही भुंगा नावाची जी गोल घरं बांधतात त्यांची ती जवळची नातलग वाटतात. इसवीसनपूर्व ३००० ते १५००, एवढा हा पसारा. पंधराशे वर्षं. मुंबईचं नळाचं पाणी अजून पावणेदोनशे वर्षांचंही नाही. ऱ्हासाच्या गोष्टी ऐकताना आपण त्यांना हरलेले समजतो. मला तसं वाटलं नाही. रणाच्या मधोमध, पावसाच्या एवढ्याशा आधारावर पंधरा शतकं वस्ती टिकवणं हे मोठंच काम आहे, आणि ते केलं होतं दगड रचणाऱ्यांनी आणि गाळ उपसणाऱ्यांनी.

निघताना बाबांना मानसर बघायची होती. ड्रायव्हरने गाडी आडवाटेला घेतली. कोरडं, दगड-गोट्यांचं पात्र, मधे खुरटी झुडपं. बाबा पात्रातून थोडं वर चालत गेले आणि काठाची माती बुटाने उकरून बघत राहिले.

"यह कब आता है? कौनसे महिने में?"

"पक्का नहीं काका. कभी जुलाई, कभी अगस्त. किसी साल आता ही नहीं."

"रात को आया तो?"

मग त्या मुलाने जे सांगितलं त्यात खावडा येईपर्यंतचा सगळा रस्ता गेला. त्याच्या गावाबाहेर मातीच्या पाळीचं तळं आहे. पावसाचा आवाज आला की रात्री दोन वाजतासुद्धा घराघरातून माणसं फावडी घेऊन निघतात. ओढ्याचं तोंड तळ्याकडे फिरवायचं असतं, आणि पहिला लोंढा घाण असतो म्हणून तो पुढे जाऊ द्यायचा असतो. कधी फिरवायचं ते त्याचे आजोबा सांगायचे, पाणी ओंजळीत घेऊन, कंदिलाशी धरून. आता चाचा सांगतात, मोबाइलच्या उजेडात. तळं भरून वाहायला लागलं की दुसऱ्या बाजूची पाळ थोडी कापून द्यायची, नाहीतर सगळीच जाते. बाबा मधे मधे विचारत होते: किती कापता, कुदळीने की हाताने, मागे दगड लावता का. मी मागच्या सीटवर वहीत उतरवून घेत होते आणि निम्मं हातून निसटत होतं, इतक्या भराभर ते दोघे बोलत होते.

बाबांनी त्याचा नंबर घेतला. जूनपासून दर आठवड्याला फोन जायला लागला. पेपरातली सात धरणांची चौकट वाचून झाली की पुढचा फोन खावड्याला. जुलैच्या शेवटी एका सकाळी त्याचाच आला.

"काका, मानसर आ गई."

"कितना टाइम चली?"

"रात भर. अभी भी चल रही है."

"और तुम्हारा तालाब? मुँह किसने फिराया?"

"मैंने," तो म्हणाला. "चाचा ने इस बार मुझे बोला, तू देख."